ये-जा

स्मरणिकेसाठी ‘परदेशातलं संशोधन आणि घराशी नातं’ या विषयावर तू लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मी तीन आठवडे टाळाटाळ केली. निबंधाची वही मी नेहमी शेवटच्या दिवशी द्यायचे, हे मराठीच्या बाईंना आठवत असेल. या वेळी मात्र कारण आळसाचं नव्हतं. अशा विषयावर लिहायला बसलं की एक तर स्वतःची फुशारकी होते, नाही तर आंब्याच्या आणि पावसाच्या आठवणींनी गळा काढला जातो. दोन्ही नको होतं. म्हणून ठरवलं की आपल्या आधी गेलेल्यांनी हे कसं निभावलं, ते आधी पाहावं. मग स्वतःचा हिशोब मांडावा. मी इतिहासाची नाही, गणिताची विद्यार्थिनी आहे; इतिहासाच्या सरांनी चुका सांभाळून घ्याव्यात.

सुरुवात आपल्या वाशीपासूनच करते. आपण दहावी झालो १९९० साली. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती. गाडी मानखुर्दला संपायची आणि तिथून खाडीपुलावरून बसनं घरी. तो पूल १९७३ चा. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली होती. म्हणजे आपलं शहर आपल्याहून फार मोठं नाही. आमच्या घरचे दादरच्या चाळीतून १९७८ साली इथे आले. बाबांची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होती. वर्गात विचारलं, ‘तुमचं गाव कुठलं?’ तर कुणी सातारा सांगायचं, कुणी रत्नागिरी, कुणी पालघाट, कुणी जालंधर. ‘वाशी’ असं उत्तर देणारी मुलं वर्गात चारच होती. ती जुहूगावची आणि वाशीगावची. त्यांच्याकडे पुढे वळणार आहे.

माटुंग्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीची दोन वर्षं मी बस आणि लोकल बदलत गेले. ९ मे १९९२ ला वाशीपर्यंत गाडी आली, तोवर माझी बारावी संपलीसुद्धा होती. त्या बसच्या प्रवासात खाडीचा वास आला की समजायचं, घर जवळ आलं. भरतीला वेगळा, ओहोटीला वेगळा. हा वास अमेरिकेत कुठेच मिळाला नाही. (बघा, गळा काढायचा नाही म्हटलं होतं.)

आता ज्यांच्यामुळे मी गणिताकडे वळले त्यांच्याविषयी. नववीत गणिताच्या बाईंनी एकदा तास संपता संपता एक नाव फळ्यावर लिहिलं: श्रीराम शंकर अभ्यंकर. ‘हे अमेरिकेत प्राध्यापक आहेत, जगातले मोठे गणिती. आणि त्यांनी पुण्यात गणिताची संस्था काढली आहे.’ एवढंच सांगून बाई गेल्या. मला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्या वाक्याचं. अमेरिकेत गेलेला माणूस पुण्यात संस्था कशी काय काढतो? आमच्या बिल्डिंगमधले जे अमेरिकेत गेले होते ते फक्त चॉकलेटं आणि साबण घेऊन यायचे.

अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३० चा, उज्जैनचा. वाढले ग्वाल्हेरला. वडील गणिताचेच प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली ते पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली गणिताची व्याख्यानं ऐकायला ते जात. १९५१ मध्येच हार्वर्डला गेले. तिथे त्यांना गुरू मिळाले ऑस्कर झारिस्की. हे झारिस्की स्वतःही घर सोडून आलेले. आज बेलारूसमध्ये असलेल्या कोब्रिनला जन्मलेले, रोममध्ये शिकलेले आणि १९२७ साली अमेरिकेत पोचलेले.

झारिस्कींनी एक मोठा प्रश्न अर्धा सोडवला होता. तो वर्गमित्रांना समजावा म्हणून आपल्या सायन-पनवेल रस्त्याचं उदाहरण घेते. दोन रस्ते एका चौकात एकमेकांना छेदतात. तिथे गोंधळ होतो, कुठली गाडी कुठल्या रस्त्याची ते कळत नाही. उड्डाणपूल बांधला की एक रस्ता वर जातो, दुसरा खाली राहतो. आकाशातून काढलेल्या नकाशावर अजूनही फुलीच दिसते, पण प्रत्यक्षात रस्ते एकमेकांना शिवत नाहीत. बीजगणिताच्या समीकरणांतून जे वक्र आणि पृष्ठं तयार होतात, त्यांच्यावरही असे चौक आणि अणकुचीदार टोकं असतात. त्या प्रत्येकावर ‘उड्डाणपूल’ बांधून गोंधळ सोडवता येतो का, हा प्रश्न. नेहमीच्या संख्यांसाठी पृष्ठांचं आणि त्यांच्याहून एक मिती वरच्या आकारांचं उत्तर झारिस्कींनी दिलं होतं. पण घड्याळाच्या हिशोबासारखे हिशोब घेतले, जिथे ठराविक वेळा बेरीज केली की पुन्हा शून्य येतं, तर त्यांच्या पद्धती लंगड्या पडत होत्या. विशीतल्या अभ्यंकरांनी तिथे पृष्ठांसाठी हा प्रश्न सोडवला. १९५५ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि १९५६ मध्ये ते काम छापून आलं. पुढे १९६६ मध्ये त्यांनी याच दिशेनं आणखी एक मिती गाठली. काही लहान अविभाज्य संख्या तेवढ्या बाजूला राहिल्या. सर्व मितींसाठीचा हा प्रश्न अजूनही सुटलेला नाही.

१९६३ पासून ते इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. १९६७ पासून तिथे त्यांना मार्शल डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर हे पद मिळालं. २ नोव्हेंबर २०१२ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले, तेही टेबलाशी काम करताना.

पण माझ्या हिशोबात महत्त्वाचं वर्ष १९७६ चं आहे. त्या वर्षी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू झालं. त्याच वर्षी त्यांचा बैजिक भूमितीच्या इतिहासात भटकंती करणारा एक लेख अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याला पुढे १९७८ मध्ये शोव्हने पारितोषिक मिळालं. त्या लेखात त्यांचा आग्रह होता की नव्या जड उपकरणांच्या नादात शाळेतलं साधं बीजगणित विसरू नका, त्याच्यात अजून खूप ताकद आहे. जगातल्या पहिल्या रांगेतला माणूस शाळेच्या बीजगणिताची बाजू घेतो आणि त्याच वर्षी पुण्यात संस्था काढतो, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. त्या संस्थेत संशोधन होतं आणि शाळकरी मुलांना गणित ऑलिंपियाडसाठी तयारही केलं जातं. अभ्यंकर अमेरिकेतलेच राहिले, पण पुण्याची त्यांची ये-जा आयुष्यभर चालली. मी त्यांना कधी भेटले नाही. पुढे जे शिकले त्यातलं बरंच त्यांच्या वाटेवरचं आहे, इतकंच आमचं नातं.

संस्थेला नाव भास्कराचार्यांचं का, हे मला फार उशिरा उमगलं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे देवीच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. मठाला दिलेली दानंही नोंदवली आहेत आणि तो मजकूर चक्क जुन्या मराठीत आहे. श्लोक संस्कृतात, पण कुणी किती द्यायचं ते लोकांच्या भाषेत. ग्रंथ कितीही थोर असला तरी तो शिकवायला जागा लागते, शिकवणारा लागतो आणि त्या दोघांना पोसणारा गाव लागतो. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसांना हे ठाऊक होतं.

गेलेल्या सगळ्यांनाच अशी ये-जा करता आली नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले, ते टिळकांच्या विचारांनी भारून. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाले. मग ब्रिटिश राजवट असेतो परतीची वाट बंद. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी शिकवलं, मका आणि गव्हावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या मेक्सिको सिटीतल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस आहे, तो चेहरा खानखोज्यांचा. विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी जे करायचं होतं ते त्यांनी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यासाठी केलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले, तोवर आयुष्याची संध्याकाळ झाली होती. १९६७ मध्ये नागपूरला त्यांचं निधन झालं.

आणि एक वाट जयंत नारळीकरांची. कोल्हापूरला जन्म, वाराणसीत शिक्षण, १९५७ मध्ये केंब्रिज. तिथे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांचं नाव झालं. तरी १९७२ मध्ये ते मुंबईत टाटा संस्थेत परत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली. आपल्यापैकी कितीजण त्यांच्या विज्ञानकथा शाळेच्या वाचनालयातून रांग लावून नेत होतो! २० मे २०२५ ला ते गेल्याची बातमी आपल्या ग्रुपवर आली, तेव्हा वर्गातल्या अगदी अबोल मुलांनीही काहीतरी लिहिलं होतं.

एकाला परत येता आलं नाही, एक परत आला, एक तिथेच राहून ये-जा करत राहिला. या तिघांचं वाचताना मी आधी त्यांच्या जाण्यायेण्याकडेच पाहत होते. नंतर लक्षात आलं की अभ्यंकर अमेरिकेत शिकवत असताना पुण्यातलं दार रोज कुणीतरी उघडत होतं. फळा पुसत होतं, मुलांच्या वह्या तपासत होतं. जाणाऱ्याचं नाव होतं. राहणाऱ्यांच्या भरवशावर त्याची ये-जा चालते. हे मला पुस्तकातून कळलं नसतं, ते २०२० साली कळलं.

२२ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. आई आधीच गेली होती, बाबा वाशीला एकटे. जूनमध्ये ते पडले. मला फोन आला तेव्हा तिथे मध्यरात्र होती. आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी, जुहूगावची माझी मैत्रीण – नाव छापलंस तर बघ, असा तिचा दम आहे. ओळखणारे ओळखतीलच – ती आणि तिचा भाऊ बाबांना इस्पितळात घेऊन गेले. त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. नऊ दिवस ती रोज डबा पोचवत होती. दहाव्या दिवशी बाबा गेले. अग्नी तिच्या भावानं दिला. मी ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. रेंज मध्येच गेली, तीन-चार मिनिटं नुसता काळा पडदा होता.

मला पुन्हा येता आलं ते थेट २०२२ च्या डिसेंबरमध्ये. तिच्या घरी ओटीवर बसलो होतो. आभार कसे मानायचे ते मला सुचत नव्हतं आणि तिला ते ऐकायचेही नव्हते. विषय बदलायला म्हणून ती म्हणाली, ‘तुमची बिल्डिंग आहे ना, तिथे आमच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. आजी मरेपर्यंत त्या रस्त्यानं गेली नाही. बाजाराला जायचं तर लांबून वळसा घालायची.’

मी गप्प झाले. दहा वर्षं आम्ही एका वर्गात होतो. तिनं हे कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मग घरी येऊन वाचायला लागले. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. आपण तेव्हा चौथीत होतो. माझी मैत्रीण आठवडाभर शाळेत आली नव्हती. ती परत आली तेव्हा मी तिला बुडालेला गृहपाठ उतरवून दिला आणि मोठं काम केल्यासारखी मिरवले.

म्हणजे ज्याला मी ‘घर’ म्हणत अमेरिकेत रडायचे, ते दुसऱ्या कुणाच्या तरी घराच्या जागी उभं होतं. आम्ही दादरहून आलो, शिकलो, पुढे गेलो. ती कुठेच गेली नाही. तरी तिची जागा तिच्या पायाखालून गेली. आणि माझ्या बाबांना शेवटी खांदा दिला तो त्याच घरातल्या माणसांनी. या हिशोबाची बाकी मला अजून काढता आलेली नाही. गणिताची असूनही.

तिला विचारलं, मी काय करू? ती गेली तीस वर्षं शाळेत शिकवते. तिनं सरळ सांगितलं, ‘पैसे नको. डिसेंबरात येतेसच, तर आमच्या मुलांना गणित शिकव. पण दर वर्षी येणार असशील तरच. एकदा येऊन फोटो काढून जाणार असशील तर नको.’

त्या अटीवर २०२३ च्या डिसेंबरात आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी अकरा मुलं होती, तिसऱ्या दिवशी सात. सातवी-आठवीची मुलं, कुणी गावठाणातलं, कुणी बाजार समितीत हमाली करणाऱ्यांच्या घरचं. मी फार हुशारीनं तयारी केली होती आणि पहिला तास साफ फसला. बाई (वय ८१, काठी घेऊन, मागच्या बाकावर) तास संपल्यावर म्हणाल्या, ‘इतकं बारीक अक्षर? आणि पाठमोरी काय बोलत होतीस? वर्गाला चेहरा दिसला पाहिजे.’ दुसऱ्या दिवसापासून बरं जमलं. उड्डाणपुलाचं उदाहरण तिथेच सापडलं. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, पुलाखाली राहतात त्यांचं काय?’ तिला गणितातला प्रश्न विचारायचा होता की दुसरा, मला ठाऊक नाही. मी खालच्या रस्त्याचं समीकरण लिहून दाखवलं.

मी तीन आठवडे असते. उरलेले एकोणपन्नास आठवडे दर रविवारी वर्ग चालवते ती माझी मैत्रीण. या लेखात माझं नाव छापलं जाईल, तिचं नाही. हे बरोबर नाही, पण तिनं तसं बजावलं आहे.

आपल्या तुकडीतले बावीसजण आज देशाबाहेर आहेत, असं आपल्याच ग्रुपवरच्या यादीत मोजलं. त्यांतले बरेच या स्नेहसंमेलनासाठी आले आहेत. शाळेला निधी द्यावा, कोनशिला बसवावी, अशा सूचना आल्या आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण एक विनंती आहे. वर्ग रविवारी सकाळी नऊ ते अकरा असतो. विज्ञान, इंग्रजी, चित्रकला, हिशोब, ज्याला जे येतं ते चालेल. वर्षातून दोनच रविवार द्या, पण ते दर वर्षी द्या. जे परदेशी नाहीत, नेरूळ-पनवेललाच आहेत, त्यांनी महिन्याचा एक रविवार घेतला तर मैत्रिणीला जरा उसंत मिळेल.

आणि बाईंना, सरांना एवढंच सांगायचं आहे की नववीतल्या त्या तासाला फळ्यावर लिहिलेलं नाव मी वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही बाबांच्या कपाटात सापडली. शेवटच्या पानावर, प्रमेयांच्या खाली. अभ्यंकर नावातला ‘भ्य’ चुकला आहे.